जेंटूत पॅकेजांचे कप्पे लावताना या चुका टाळा

बडोद्यात रावपुऱ्याला आम्ही चौघं मराठी-गुजराती मजकुराची कामं करतो. त्यासाठी लिहिलेली छोटी साधनं जेंटू या लिनक्स प्रणालीच्या आमच्या स्थानिक ओव्हरलेत, म्हणजे आमच्या स्वतःच्या पॅकेज-संग्रहात असतात. तिथे प्रत्येक पॅकेज एका कप्प्यात, म्हणजे कॅटेगरीत ठेवतात. टर्मिनलवर कप्पा उघडला की हवं ते समोर दिसावं, यासाठीच हा खटाटोप.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये होता, म्हणून मी तो डेव्ह-पायथन कप्प्यात ठेवला. डीटीपी करणाऱ्या ताईंनी तो ॲप-टेक्स्ट या मजकुराच्या साधनांच्या कप्प्यात शोधला. तिथे नाही म्हटल्यावर त्यांनी लग्नपत्रिकेचा अख्खा मजकूर पुन्हा हाताने टाइप केला. डेव्ह-पायथन हा पायथनच्या लायब्ररींचा कप्पा आहे. प्रोग्रॅम कशात लिहिलाय याच्याशी ताईंना काय देणंघेणं? त्या कामाच्या नावाने शोधणार. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोलावलेल्या ग्रंथपाल बोर्डन यांनी इथल्या ग्रंथालयांसाठी खास वर्गीकरण बांधलं, तेही वाचक विषय धरून पुस्तक शोधायला येतो म्हणूनच.

चूक कळल्यावर मी घाईने दुसरी केली: फोल्डर उचलून सरळ ॲप-टेक्स्टमध्ये टाकलं. ज्या पॅकेजांच्या डिपेंडन्सीत, म्हणजे त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या यादीत, जुनं नाव होतं, ती सगळी अडकली. पॅकेज हलवलं की ओव्हरलेच्या प्रोफाइल्समधल्या अपडेट्स फोल्डरात तिमाहीच्या फाइलीत एक ओळ लिहायची: मूव्ह, मग जुनं पूर्ण नाव, मग नवं. तेवढ्याने आधीच इन्स्टॉल झालेल्या पॅकेजची नोंद नव्या नावावर जाते. आपल्या इतर ईबिल्डमधली, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलींमधली नावं मात्र स्वतः बदलावी लागतात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीच्या पोर्ट्स नावाच्या पॅकेज-संग्रहात हेच काम मूव्ह्ड नावाची फाइल करते. तिथे तारीख आणि कारणही लिहितात. ती सवय मला फार आवडते.

"इतर" नावाचा कप्पा काढूच नका. आळसाच्या दिवशी सगळं तिथेच जातं. त्यापेक्षा प्रत्येक कप्प्याच्या मेटाडेटा फाइलीत इथे काय येतं ते दोन ओळींत लिहा. नवीन आलेल्या मुलाला विचारत बसावं लागत नाही.

नवा कप्पा काढला, ईबिल्डही ठेवला, तरी पॅकेज इन्स्टॉल करणारी इमर्ज कमांड "नाही" म्हणतेय? प्रोफाइल्समधल्या कॅटेगरीज फाइलीत कप्प्याचं नाव आहे का, ते आधी बघा. ते नसेल तर पोर्टेज, म्हणजे जेंटूची पॅकेज-व्यवस्था, त्या फोल्डरला कप्पा मानतच नाही.

इमर्जला सापडतंय पण ईआयएक्स या पॅकेज शोधणाऱ्या प्रोग्रॅमला नाही, असं झालं तर पॅकेजला हात लावू नका. ईआयएक्स स्वतःच्या साठवलेल्या यादीतून वाचतो. ईआयएक्स-अपडेट चालवा, मग त्याच्या मोठ्या सी पर्यायाने कप्पा पुन्हा उघडा.