कोस्टा रिकात गाई पाळायच्या तर आधी वासराचं बघा

ग्वानाकास्तेसारख्या गरम भागात लहान शेतकरी नुसतं दूध किंवा नुसतं मांस करत बसत नाही, दोन्ही करतो, त्याला इथे दोब्ले प्रोपोसितो म्हणतात. म्हणजे दूध रोज घालायचं आणि गोऱ्हे वाढवून मांसाला विकायचे. हे दुसरं आपल्या माणसाला पचायला वेळ लागतो, मलाही लागला, पण त्याशिवाय हिशेब जुळत नाही.

शुद्ध होल्स्टीन गाईच्या नादी लागू नका. ती वर डोंगरात थंडीत बरी, खाली उन्हात धापा टाकते आणि गोचीड तिचा पिच्छा सोडत नाही. निम्मं गीर किंवा ब्राह्मन (ही गुरांची एक जात) आणि निम्मं ब्राउन स्विस अशी क्रॉस घ्या. हो, आपली गीरच!

आता मेन गोष्ट. गीरचं रक्त असलेली गाय वासरू दिसल्याशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून दुपारी वासरं वेगळी करायची, पहाटे एकेक सोडायचं, दोन-चार ढुशा मारून पिऊ द्यायचं, सड टाइट झाले की त्याला आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं, आणि मग तीनच सड पिळायचे, चौथा वासराचा. मग दुपारपर्यंत दोघांना एकत्र चरू द्या. दिवसातून एकदाच धार. पहिल्या वर्षी मी हावरटपणा करून चारही पिळले, वासरं खंगली, बरगड्या मोजता येत होत्या, आणि वजनच नाही तर गोऱ्ह्याला भाव कोण देणार? सात-आठ महिन्यांनी वासरू दुधावरून तोडा.

चाऱ्याचं म्हणाल तर मे ते नोव्हेंबर पाऊस, तेव्हा कुरणाचे तुकडे पाडून एकात दोन-तीन दिवस चारायचं आणि मग महिनाभर तिथे फिरकायचं नाही. डिसेंबर ते एप्रिल सगळं करपतं, त्यासाठी उसाची कुट्टी आणि मळी आधीच बघून ठेवा.

कुंपणाला सिमेंटचे खांब नकोत, मादेरो नेग्रोचे दोन-अडीच मीटरचे दांडके रोवा, फुटतात. कोकणात ज्याला उंदीरमारी किंवा गिरीपुष्प म्हणतो तेच झाड, मूळचं इकडचंच. उन्हाळ्यात त्याचा पाला गुरांना घाला, फक्त ताजा टाकला तर वासाने तोंड फिरवतात, रात्रभर सुकू द्या मग खातात.