औषधाचा नमुना नापास झाला? मेडिकलवाल्यांनो, या चुका टाळा

औषध निरीक्षक येतात, गोळ्यांचा नमुना घेऊन जातात. काही महिने काहीच होत नाही. मग एक दिवस पाकीट येतं. आत शासकीय विश्लेषकाचा अहवाल असतो: माल प्रमाणित दर्जाचा नाही. दुकानदार गोळे कॉलनीतल्या होलसेलरला फोन लावतो. तिकडून उत्तर येतं, "कंपनी बघून घेईल." आणि पाकीट गल्ल्याच्या खणात जातं. नाशिकच्या कोर्टात मेडिकलवाल्यांची प्रकरणं लढवताना मला सगळ्यात जास्त हळहळ याच चुकीची वाटते.

कारण औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 मधल्या कलम 25 नुसार प्रत मिळाल्यापासून 28 दिवस मोजले जातात. तेवढ्या दिवसांत, 'अहवाल मान्य नाही, त्याविरुद्ध पुरावा द्यायचा आहे' असं निरीक्षकाला लेखी कळवावं लागतं. खटला सुरू झाला असेल तर कोर्टाला कळवलं तरी चालतं. मुदत गेली की तो अहवालच निर्णायक पुरावा ठरतो. मुदतीत कळवलंत तर कोर्टाकडे जमा असलेला नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करता येते. म्हणून पाकीट हातात पडताच त्यावर तारीख टाका, पत्र स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. फोनवरचं बोलणं धरलं जात नाही.

दुसरी चूक त्याआधीच झालेली असते. दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे सहसा चार भाग करून सील करतात, त्यातला एक तुम्हाला परत मिळतो. सीलवर आपलाही शिक्का मारायचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा. पंचवटीतल्या एका दुकानात हा भाग अख्खा उन्हाळा पत्र्याखालच्या माळ्यावर पडून होता. मी तो पाहिला तेव्हा काही बोलवेना.

कलम 19 दुकानदाराला संरक्षण देतं, पण त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: माल परवानाधारकाकडून घेतला, पुरेशी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता, आणि माल नीट साठवून जसाच्या तसा ठेवला. बिलावरचा बॅच नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळत नसेल तर पहिलीच गोष्ट कोलमडते. "बिल मागून पाठवतो" म्हणणाऱ्याचा माल उतरवूनच घेऊ नका. फ्रिजमधल्या इन्सुलिनचं तापमान, 2 ते 8 अंश, रोज लिहा. एप्रिल-मेमध्ये वीज जाते तेव्हा तर नक्कीच.

ओळखीखातर पुरवठादाराचं नाव लपवणं हा वेगळा गुन्हा आहे. निरीक्षकाने विचारलं तर सांगावंच लागतं.

एच-1 औषधांचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांचं, रजिस्टर 3 वर्षं जपा. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव विक्रीच्या वेळीच लिहा, रात्री आठवून नको.

आणि परवाना निलंबित झालाच, तर 3 महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. अपील टाकलं म्हणून शटर उघडू नका. स्थगितीचा लेखी आदेश हातात येईपर्यंत केलेली विक्री विनापरवाना विक्री धरली जाते.