स्विंग जमलाय ना? मग आता या चुका टाळा : प्रो होऊ पाहणाऱ्या गोल्फपटू मुलींसाठी

सरावाच्या रेंजवर रोज तीनशे चेंडू मारायचे, स्विंगचा व्हिडिओ दहा वेळा बघायचा आणि स्कोअरकार्डावर मात्र बसच्या तिकिटावर टाकावी तशी एक नजर टाकून सही ठोकायची. नवोदित मुलींचं हे ठरलेलं आहे. पैसे स्विंगला मिळत नाहीत, कार्डावर लिहिलेल्या आकड्यांना मिळतात.

१९५७ च्या यूएस विमेन्स ओपनमध्ये, विंग्ड फूटच्या मैदानावर, जॅकी पंगने शेवटच्या फेरीत ७२ फटके घेतले. एकूण झाले २९८, म्हणजे एका फटक्याने विजेतेपद. पण चौथ्या होलवर तिने सहा फटके घेतले होते आणि तिची मार्कर, म्हणजे तिचे आकडे लिहिणारी सहखेळाडू बेट्टी जेमिसन हिने कार्डावर पाच लिहिले. गंमत म्हणजे जॅकीनेही बेट्टीच्या कार्डावर त्याच होलला सहाऐवजी पाच लिहिले होते. बेरीज ७२ बरोबर होती, पण नियम बेरीज बघत नाही. बेरीज करणं समितीचं काम; प्रत्येक होलचा आकडा ही खेळाडूची जबाबदारी. लिहिलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी असेल तर खेळाडू बाद, जास्त असेल तर तोच जास्तीचा आकडा कायम. दोघी बाद झाल्या आणि ट्रॉफी २९९ फटके घेतलेल्या बेट्सी रॉल्सकडे गेली.

आकडे बरोबर असले तरी काम संपत नाही. २००८ मध्ये स्टेट फार्म क्लासिकच्या दुसऱ्या फेरीनंतर मिशेल वी सही न करताच स्कोअरिंगच्या तंबूतून बाहेर पडली. तिला परत बोलावलं, तिने सही केली, पण तोवर ती ठरलेल्या हद्दीबाहेर गेली होती. तिसरी फेरी खेळून ती आघाडीपासून एका फटक्यावर पोचली आणि मग कळलं की ती बाद आहे.

म्हणून आधी पाणी प्या आणि खुर्चीवर टेकूनच कार्ड हातात घ्या. मार्करला एकेक होलचा आकडा मोठ्याने वाचायला सांगा आणि स्वतःच्या नोंदीशी ताडून बघा. सगळे अठरा. मग दोन्ही सह्या तपासा. फोन बॅगेतच राहू दे. तीन-चार मिनिटांचं काम आहे. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी हौशी गोल्फ खेळावं, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी चूक अंदाजाने ड्रॉप घेण्याची, म्हणजे अडकलेला चेंडू उचलून दुसऱ्या जागी सोडण्याची. २००५ मध्ये याच मिशेल वीची प्रो म्हणून पहिलीच स्पर्धा होती. तिसऱ्या फेरीत सातव्या होलवर चेंडू झुडपात गेला. तिने तो अनप्लेएबल, म्हणजे खेळता न येण्याजोगा ठरवला आणि नजरेच्या अंदाजाने ड्रॉप घेतला. दुसऱ्या दिवशी एका पत्रकाराने शंका काढली, अधिकाऱ्यांनी दोरी लावून मोजलं, तर चेंडू होलच्या किंचित जवळ पडला होता. चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन फटके कार्डावर नव्हते, म्हणून ती बाद झाली आणि चौथा क्रमांक बक्षिसासह गेला. आजच्या नियमाने दंड माहीतच नव्हता अशा वेळी फक्त फटके वाढतात, खेळाडू बाद होत नाही. पण दोन फटके कट, म्हणजे पुढच्या फेऱ्यांची पात्रता, हुकायला पुरेसे असतात.

बाजूला ड्रॉप घेताना चेंडू होता त्या जागी टी खोचा. ड्रायव्हरने दोन लांबी मोजा, कारण पटर सोडून बॅगेतला सर्वांत लांब क्लब तोच. टोकाला दुसरी टी खोचा. मग होलकडे बघा आणि जागा जवळ जात नाही ना ते ठरवा. चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. तो त्याच पट्ट्यात पडून तिथेच थांबला पाहिजे. शंका आली तर रेफरीला बोलवा. ‘उगाच वेळ जातो’ असं म्हणणारा कॅडी बदला.

ग्रीनवरही तेच. चेंडू उचलण्याआधी खूण म्हणून नाणं त्याच्या बरोबर मागे ठेवा, बाजूला नाही, आणि चेंडू त्याच जागी परत ठेवा. २०१७ च्या एएनए इन्स्पिरेशनमध्ये लेक्सी थॉम्पसनने फूटभराच्या पुटसाठी चेंडू जेमतेम इंचभर सरकवून ठेवला. एका प्रेक्षकाने ते टीव्हीवर पाहून कळवलं आणि दुसऱ्या दिवशी बाराव्या होलनंतर तिच्या माथी चार फटके आले. बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफमध्ये ती हरली. आता घरी बसून तक्रार करता येत नाही. सोबत खेळणाऱ्यांचे डोळे मात्र असतातच.

बाकीच्या चुका ओळीओळीत. पहिल्या टीवर क्लब मोजा. पंधरावा निघाला तर दंड होलमागे दोन, जास्तीत जास्त चार फटके. पहिला चेंडू हरवला असेल म्हणून दुसरा मारण्यापूर्वी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) हा शब्द मोठ्याने उच्चारा. चेंडू शोधायला आता पाच नाही, तीनच मिनिटं मिळतात. चेंबूरला समुद्रसपाटीवर काढलेले यार्डेजचे आकडे उंचावरच्या पूना क्लबवर जसेच्या तसे वापरू नका. तिथे दीडशे यार्डांचा फटका दोन-तीन यार्ड पुढे जातो.

आणि ते अंतराचं वेड! वीस यार्ड वाढावेत म्हणून दर दोन महिन्यांनी शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, बदलणाऱ्या मुलींना वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) साठ यार्डांवर चेंडू टाकता येत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक जागतिक क्रमवारीत २०० वी होती आणि ड्रायव्हरने आखूड मारणाऱ्यांत तिची गणना होत होती. तरी ती १५ अंडर, म्हणजे पारपेक्षा १५ फटके कमी खेळून चौथी आली, रौप्यपदकाच्या प्लेऑफपासून एका फटक्यावर. ते वेज आणि पटरच्या जोरावर. ४०, ६० आणि ८० यार्डांवर दहा-दहा चेंडू मारा आणि पहिला टप्पा कुठे पडला ते वहीत लिहा. महिनाभर हे केल्याशिवाय नव्या शाफ्टचं नाव काढू नका.

प्रो होण्याचा अर्ज भरण्याआधीही थांबा. एकदा प्रो झालात की अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फचा रस्ता बंद होऊ शकतो. आणि कट हुकला की बहुतेक स्पर्धांत हाती शून्य येतं. कॅडी, हॉटेल आणि प्रवासाचं बिल मात्र तेवढंच राहतं.