सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पहिल्यांदा उपासनेला जाताना

चर्चगेटला ज्याच्यामुळे नाव मिळाले, ते फोर्टमधील १७१८ सालचे सेंट थॉमस कॅथेड्रल मूळचे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले असून १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चमध्ये आहे. थोडे आधी पोहोचून मागच्या बाकावर बसावे, कारण गीताला उभे राहणे, प्रार्थनेला गुडघे टेकणे हे सारे पुढच्यांकडे पाहून सहज जमते. शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्राच्या वाचनालाही उभेच राहतात. शांतीच्या अभिवादनात शेजारी हात पुढे करतील, तेव्हा नमस्कारही चालतो. खरा संकोच प्रभुभोजनाच्या वेळी होतो: भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असल्याने इतरांनी जागेवरच बसावे, किंवा वेदीपाशी जाऊन छातीवर हातांची फुली करून केवळ आशीर्वाद घ्यावा. दानाची थैली समोर आली तरी पाहुण्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही.