‘येस, आय लाइक’ : आवडनिवड सांगताना या चुका टाळा

मॉक इंटरव्ह्यूच्या सुरुवातीलाच मी विचारतो, ‘वुड यू लाइक सम टी?’ पेरूगेटजवळच्या आमच्या क्लासवर शेजारच्या अमृततुल्यातून चहा येतोच, त्यामुळे प्रश्न खराखुरा असतो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं : ‘येस, आय लाइक.’ पहिली विकेट इथेच पडते. मराठीत ‘हो, आवडतो’ एवढ्यावर भागतं, पण इंग्रजीत ‘लाइक’ला कर्म लागतं. शिवाय मी आवड विचारलेलीच नाही, चहा घेणार का एवढंच विचारलंय. ‘येस, प्लीज’ म्हणा आणि कप उचला.

गंमत म्हणजे हा फरक मराठीत आपण कधीच चुकत नाही. ‘आवडतो’ म्हणजे नेहमीची आवड, ‘आवडेल’ म्हणजे आत्ताची इच्छा. ‘आवडतो’ला ‘आय लाइक’, ‘आवडेल’ला ‘आय वुड लाइक’. हिंजवडीत मुलाखतीला बसलेल्या फ्रेशरने ‘आय लाइक टु वर्क इन टेस्टिंग’ म्हटलं, तर तो ते काम आधीपासून करतोय असं वाटतं. त्याला म्हणायचं असतं ‘आय वुड लाइक टु’.

‘प्रिफर’चं दुखणं आपल्या ‘पेक्षा’मुळे. ‘चहापेक्षा कॉफी’ डोक्यात असते, म्हणून तोंडात ‘दॅन’ येतो. बरोबर वाक्य : ‘आय प्रिफर कॉफी टु टी.’ हा शब्द मुळात लॅटिन, अर्थ ‘पुढे ठेवणे’. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हीसुद्धा लॅटिनचीच मंडळी, आणि त्यांनाही ‘टु’च लागतो. ‘शी इज सीनियर टु मी’ जमतं ना, मग हेही जमेल. ‘मोर प्रिफर’ मात्र नको. ‘जास्त’ त्यातच आलं. ‘दॅन’ हवाच असेल तर ‘वुड रादर’ घ्या : ‘आय वुड रादर वॉक दॅन टेक अ रिक्षा.’ त्यापुढे क्रियापद कोरं ठेवायचं, ‘टु वॉक’ नाही की ‘वॉकिंग’ नाही. (लक्ष्मी रोडवर दिवाळीआधी हे वाक्य अगदी मनापासून म्हणता येतं.)

‘आय ॲम लाइकिंग पुणे’ हे ‘आवडतंय’चं भाषांतर. ‘आय लाइक पुणे’ पुरे. यावर कोणीतरी मॅकडॉनल्ड्सची २००३ पासूनची ‘आय ॲम लव्हिन इट’ ही ओळ काढतोच. जाहिरातीला सगळं माफ असतं, उमेदवाराला नसतं.

एकजण म्हणाला, ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन डेटा.’ असशील बाबा, पण ते इतरांनी म्हणायचं. आपण ‘इंटरेस्टेड’.

सगळ्यात अवघड आपलं ‘चालेल’. ‘आय डोन्ट माइंड’ म्हणजे माझी हरकत नाही. ‘आय डोन्ट केअर’ म्हणजे मला काय त्याचं! मागे एका मुलीला विचारलं, सकाळची बॅच की संध्याकाळची? अतिशय नम्र चेहऱ्याने ती म्हणाली, ‘सर, आय डोन्ट केअर.’ तिला म्हणायचं होतं ‘आयदर इज फाइन’. मी तिला सकाळी सातची दिली.