एफ कॉर्डपाशी गिटार खुंटीला टांगू नका

गिटार ट्यून करा, डाव्या हाताची नखं कापा. ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी या क्रमाने कॉर्ड्स (एकदम वाजणारे सुरांचे गट) घ्या. बोट फ्रेटच्या (गळ्यावरच्या घराच्या) धातूच्या पट्टीला मागून खेटून ठेवा. ए मायनरवरून सीवर जाताना फक्त अनामिका हलते, बाकीची बोटं उचलू नका. टोकं दोनेक आठवडे दुखतील, मग घट्टे पडतील.

आता एफ. गिटारी कपाटावर चढतात त्या इथेच.

‘जोर लाव, येईल’ हा सल्ला मी तीन महिने पाळला. कॉर्ड आली नाहीच, अंगठ्याचं मूळ तेवढं ठणकायला लागलं. तर्जनी सहाही तारांवर आडवी पडते हे खरं, पण (तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजायच्या) पाचवी तार अनामिकेने तिसऱ्या फ्रेटवर धरलेली असते, चौथी करंगळीने तिथेच आणि तिसरी मधल्या बोटाने दुसऱ्या फ्रेटवर. तर्जनीला वाजवायच्या असतात फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तारांवर ती कितीही दाबलीत तरी फुकट! हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून तर्जनी सपाट ठेवू नका, अंगठ्याकडच्या हाडकुळ्या कडेवर किंचित कलवा. पेराची घडी नेमकी एखाद्या तारेवर आली की ती तार फसफसते. बोट दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवा. चिमटा काढल्यासारखं आवळू नका. कोपर बरगडीकडे ओढा, म्हणजे हाताचं वजनच तारा दाबतं. खात्री करायची तर उजव्या हाताने गिटार अंगाशी धरून अंगठा क्षणभर सोडा. तरीही कॉर्ड बऱ्यापैकी वाजली तर जमलं.

आणि सुरुवात पहिल्या फ्रेटवर करूच नका. नटला, म्हणजे गळ्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीला, लागून असल्याने तारा तिथे सर्वांत ताठ असतात. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए मेजर होतो. तिथे स्वच्छ वाजला की दर दोन-चार दिवसांनी एकेक घर नटकडे सरका. रोज दहा मिनिटं पुरे, अंगठा दुखला की थांबा.

पाचव्यावर छान आणि पहिल्यावर मुकी, असं होत असेल तर दोष तुमचा नसेलही. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम जावा. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर नट उंच आहे. दुरुस्तीवाल्याकडून खाचा खोल करून घ्या, स्वतः कानस लावू नका.

तोवर गाणी अडवून ठेवायचं कारण नाही. वरच्या दोन जाड तारा सोडून चार तारांचा छोटा एफ वाजवा. तर्जनी त्यात दोनच तारा धरते. एफ चुकवायला कॅपो (गळ्यावर तारा दाबून धरणारा चिमटा) लावणं मात्र मला पटत नाही, तो गायकाची पट्टी जुळवायला असतो.

तारा बदलाल तेव्हा १० नंबरचा, म्हणजे पातळ तारांचा सेट मागा. दुकानदाराने जाड, १२चा पुढे केला तर नको म्हणा.