लिबर्टीवर पाच वेळा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ वीस-पंचवीस मिनिटं पाण्याखाली स्कूबा डाइव्ह करून आलेली मंडळी मला हटकून विचारतात, "बुडालेलं जहाज बघायचं तर आधी कुठलं?" बहुतेकांच्या मनात लाल समुद्रातलं थिसलगॉर्म असतं. साहजिक आहे. 6 ऑक्टोबर 1941 च्या मध्यरात्रीनंतर जर्मन विमानांनी बुडवलेल्या त्या ब्रिटिश मालवाहू जहाजाच्या पोटात अजून बीएसएच्या मोटारसायकली आणि बेडफर्डचे ट्रक आहेत. पण तिथे तीसेक मीटर खोली, बऱ्याचदा ओढून नेणारा प्रवाह आणि आत शिरायचा मोह एकदमच समोर येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: बालीतलं तुलांबेन, तिथलं यूएसएटी (अमेरिकी लष्कराचं वाहतूक जहाज) लिबर्टी. आणि एकदा नाही, लागोपाठ चार-पाच वेळा.

लिबर्टी 1918 साली अमेरिकेत बांधलं गेलं, लांबी सुमारे 125 मीटर. 11 जानेवारी 1942 रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. पोटात रेल्वेचे सुटे भाग आणि रबर होतं. दोन युद्धनौका त्याला ओढत सिंगराजा बंदराकडे निघाल्या, पण पाणी इतकं भरत होतं, की तुलांबेनच्या किनाऱ्यावरच ते चढवावं लागलं. माल उतरवून घेतला आणि जहाज एकवीस वर्षं तसंच काठावर पडून राहिलं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यात हजाराहून जास्त माणसं गेली, आणि त्याच हादऱ्यांनी लिबर्टी घसरून समुद्रात गेलं. म्हणून आज ते काठापासून जेमतेम तीसेक मीटरवर आहे. सर्वात उथळ भाग पाचेक मीटरवर, सर्वात खोल तिशीच्या आसपास. बोट लागत नाही, चालतच पाण्यात शिरायचं. ओपन वॉटर या सुरुवातीच्या डायव्हिंग कोर्सच्या 18 मीटरच्या मर्यादेतही भरपूर जहाज बघून होतं, आणि नवख्या माणसाला हे कुठल्याही दंतकथेपेक्षा जास्त मोलाचं आहे.

किनाऱ्यावर वाळू कमी, काळे गुळगुळीत गोटे जास्त. आपल्याकडच्या नदीपात्रातल्या दगडांसारखेच काळे, कारण तेही लाव्हाचेच. त्यावरून गावातल्या बायका डोक्यावर हवेचे टँक घेऊन सरळ चालत जातात. आपण मात्र जाड तळव्याचे बूट घालून, जोडीदाराचा हात धरून उतरायचं. लाट असेल तर पायातले फिन्स कमरेइतक्या पाण्यात गेल्यावरच चढवा.

माझी पहिली डाइव्ह वाया गेली. जिथे शिकले तिथे नवख्यांना झटकन खाली न्यायला कमरेला जास्त वजन बांधायची सवय होती, आणि तोच आकडा मी तुलांबेनला सांगितला. मग सगळा वेळ बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) हवा भरणं, सोडणं, पुन्हा भरणं. 200 बार दाबाचा टँक 28 मिनिटांत 50 वर आला. वीस मीटरवर दाब पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा तिप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला टँकमधली हवाही तिप्पट जाते. त्यात धडपड केली तर विचारायलाच नको. दुसऱ्या सकाळी गाईडने दोन किलो काढून ठेवले. वजन तपासायची रीत सोपी आहे: पृष्ठभागावरच बीसीडी पूर्ण रिकामा करून, नेहमीएवढा श्वास घेऊन धरून ठेवा, पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. श्वास सोडला की हळूहळू खाली जाल. टँक भरलेला असेल तर वर किलो-दोन किलो धरा, कारण शेवटी रिकामा टँक हलका होतो. हे जमल्याशिवाय कुठल्याच जहाजाजवळ जाऊ नका. गंजलेला पत्रा कापतो, आणि पोवळ्यांसारखा दिसणारा दगड विषारी काट्यांचा मासा निघू शकतो. म्हणून हात छातीशी.

दुसरी डाइव्ह पहाटेची, आणि माझा जीव जडला तो तिथे. बंपहेड पॅरटफिश, माणसाच्या छातीएवढे जाडजूड, कपाळाला टेंगूळ असलेले, रात्री जहाजाच्या आडोशाने झोपतात आणि उजाडताना कळपाने बाहेर पडतात. नऊनंतर दक्षिण बालीतून गाड्या येऊ लागतात, मग जहाजाभोवती माणसंच जास्त. उताराच्या वाळूत गार्डन ईल हे सापासारखे बारीक मासे उभे डोलत असतात, लावणीच्या रोपांसारखे. जवळ गेलात की क्षणात आत. तिसऱ्या वेळी टॉर्च नेला. खाली लाल रंग सर्वात आधी विरतो, सगळं निळं-करडं दिसतं. उजेड टाकल्यावर पत्र्यावरचे स्पंज आणि मऊ पोवळी शेंदरी निघाली. चौथ्या वेळी कुठे जहाजाचा आकार डोक्यात बसला. पाचवी रात्रीची, आणि वाट मला पाठ होती म्हणून भीती वाटली नाही.

आत शिरण्याबद्दल स्पष्ट सांगते. डोक्यावर मोकळं पाणी दिसत नसेल, तर त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय आत जायचं नाही, गाईडने खुणावलं तरी नाही. फिनचा एक फटका गाळ उडवतो आणि दार दिसेनासं होतं. लिबर्टी फुटून बरंच उघडं पडलं आहे, बाहेरूनच पोटभर दिसतं.

आपल्याकडेही निवतीजवळ नौदलाचं निवृत्त जहाज आयएनएस गुलदार पाण्याखाली ठेवायची राज्याची योजना आहे. ते डायव्हरसाठी खुलं होईल तेव्हा मी तिथेही ओळीने पाच दिवस काढणार आहे.

परतीच्या विमानाआधी शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास मोकळे ठेवा. त्या वेळात गोड्या पाण्याने सामान धुवा आणि लॉगबुक भरा: किती वजन, किती बार उरले, जहाजाच्या कुठल्या टोकाकडून वळलात. पुढच्या डाइव्हच्या गाईडला आधी तेच पान दाखवा.